बारकीच्या खात्यावरची चाचणी

आमचा दादा आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून जगला. ही निंदा नाही, त्याचा धंदाच तो. सॉफ्टवेअरच्या कंपनीत टेस्टर होता. इतरांनी बनवायचं आणि दादाने ते कुठे मोडतं ते दाखवायचं. ही सवय घरीही आली. नवीन खुर्ची आणली तर बसायच्या आधी तो ती गदागदा हलवून बघणार, आणि वहिनीने "भाजी कशी झालीय?" म्हणून विचारलं तर खरं सांगणार. मी त्याची धाकटी बहीण, खालच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे हा सगळा खेळ मला फुकटात बघायला मिळतो.

निवृत्त झाल्यावरही तो घरून थोडंफार काम घेतो. यंदा एका लहानशा कंपनीचं काम आलं. माणसं ब्राउझरमध्ये एकामागून एक ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, टाकत सुटतात आणि मग पान उघडत नाही म्हणून कपाळावर हात मारून घेतात. तर किती ॲड-ऑन झाले की ब्राउझर किती मंदावतो, हे साध्या, घरात वापरातल्या मशीनवर मोजून द्यायचं होतं. घरात मशीन एकच, तेही बारकीचं.

बारकी म्हणजे दादाची मुलगी. नावाला बारकी, उंचीला बापाच्या वर. नोकरीसाठी लांब, थंड गावी गेली. तिथला तिचा करार या महिन्यात संपत होता. परत यायचं की तिथेच पुढची सही करायची, ते तिला ठरवायचं होतं. ती परत यावी म्हणून दादाचा जीव टांगणीला लागला होता. मला ते दिसत होतं, वहिनीला दिसत होतं, पण दादाच्या तोंडात मिठाची गुळणी. तिचा फोन आला की हा म्हणणार, "बरी आहेस ना? घे, आईशी बोल." आणि मग फोन संपेपर्यंत दारात उभा राहून ऐकणार.

"अरे, विचार ना तिला, येतेस का म्हणून," मी म्हटलं.

"तिचं ती बघेल."

विचारायला काय पैसे पडतात? पण सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

तर मशीनची तयारी सुरू झाली. डबा उघडून ब्रशने धूळ काढली. मागे गुपचूप चालणारे सगळे प्रोग्राम बंद केले, आपोआप होणारे अपडेट थांबवले, व्हायरस तपासणीची वेळ पुढे ढकलली. मशीन तापलं तर आकडे बिघडतात म्हणून खोलीतला गारवा सारखा राहावा, यासाठी खिडकीही लावून घेतली. मशीन चालू केलं की आतला पंखा शांत होईपर्यंत कोणी कशाला हात लावायचा नाही. वहिनीला विजेचं बिल भरायचं होतं, तिलाही हाकललं.

"बाळंतिणीची खोली आहे की काय?" वहिनी म्हणाली.

कंपनीने सांगितलं होतं की आधी नवं, कोरं प्रोफाइल तयार करा, त्यात काहीच नको. आधी रिकाम्या ब्राउझरचा वेग मोजायचा, मग ॲड-ऑन टाकत जायचे. दादाने तेवढं केलं नाही. ब्राउझर बारकीच्या खात्यावर उघडायचा आणि वर कोपऱ्यात तिचा गोल फोटो दिसायचा, कॉलेजातला, डोळे बारीक करून हसणारा. कोरं प्रोफाइल म्हणजे फोटोच्या जागी एक राखाडी ठोकळा.

"घरच्या मशीनवर कोरं प्रोफाइल कोण वापरतं?" तो मला म्हणाला. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर त्याने त्याला फाडून खाल्लं असतं.

त्या फोटोखाली एक पिवळी पट्टी होती. खातं थांबलंय, पासवर्ड पुन्हा टाका. बारकी गेल्यापासून ती तशीच होती. दादाला वाटलं, ही पट्टी उगाच मापात येईल. बारकी शाळेत असताना तिचं खातं त्यानेच काढून दिलं होतं, तेव्हाचा पासवर्ड त्याने टाकून बघितला. पट्टी गेली. दादा कीबोर्डवरचे हात न उचलता तसाच बसून राहिला.

"तिने बदललाच नाही," तो म्हणाला.

आणि त्या आनंदात आमचा जन्माचा टेस्टर साधी गोष्ट विसरला. थांबलेलं खातं चालू झालं की इथे टाकलेलं सगळं तिच्या तिकडच्या मशीनवरही जातं. दादाने ढीगभर ॲड-ऑन टाकले. पान काळं करणारा, पान वाचून दाखवणारा, नव्या टॅबमध्ये मांजर आणून बसवणारा, आणि जाहिराती अडवणारे तिघे, एका घरात नांदणाऱ्या जावांसारखे एकमेकांच्या अंगावर जाणारे. ब्राउझर असा मंदावला की दादाचा चेहरा खुलला.

दुपारी बारकीचा फोन आला. वहिनीने उचलला, ऐकलं आणि चक्रावून दादाकडे बघितलं.

"तुम्हाला मागतेय."

दादाने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, कारण हात कीबोर्डवर हवे होते.

"बाबा, काय केलंत? माझा ब्राउझर उघडत नाहीये. वर चिन्हांची जत्रा भरलीय. आणि हे मांजर कुणाचं?"

चूक कळायला दादाला क्षण लागला. मग तो भराभर बोलायला लागला. एकेक काढ, काळं करणारा आधी, मग ते तिघे. ती तिकडे काढत गेली तशी इथल्या ब्राउझरवरची चिन्हंही एकेक नाहीशी होऊ लागली. दादाला खरं तर आता माउसला हात लावायची गरज नव्हती. तो बघत बसला होता, जणू पोरगी शेजारी बसूनच आवराआवर करतेय. इतकं तो तिच्याशी गेल्या कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. मी आणि वहिनी दारात उभ्या होतो आणि आम्हाला दोघींनाही खोकायचीसुद्धा भीती वाटत होती.

"हा एक राहिला," बारकी म्हणाली. "नुसता आकडा आहे. चार." मग तिकडे माउसची टिकटिक झाली. "बाबा, हे माझ्या इथल्या गावचं तापमान आहे."

"ते टेस्टसाठी होतं."

"यावर टाकल्याची तारीख आहे. मी इकडे आले त्याच आठवड्यातली."

वहिनीने तोंडाला पदर लावला.

"बाबा, मी सोमवारी सही केली," बारकी म्हणाली. "अजून तीन वर्षं. आईला आज सांगणारच होते. तुम्ही एकदाही काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला चालेल."

"बरं केलंस."

"तुम्ही ये म्हणाला असतात तर मी आले असते."

"माहीत होतं," दादा म्हणाला. "म्हणूनच ये म्हटलं नाही."

मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. हा माझा मोठा भाऊ, पण त्या घटकेला इतका एकटा दिसला. मग बारकी नाक ओढून म्हणाली, "हा मी काढत नाही. मला माझ्याकडची थंडी कशाला हवी, ती बाहेर पडले की कळते. यात मी आपलं गाव टाकते."

इथल्या स्क्रीनवर चारचे छत्तीस झाले. दादा त्या आकड्याकडे बघत राहिला.

पुढे त्याने कोरं प्रोफाइल काढलं, सगळी मापं पहिल्यापासून घेतली आणि काम देऊन टाकलं. बारकीच्या खात्याला मात्र त्याने हात लावला नाही. त्या ॲड-ऑनमध्ये एकाच गावाला जागा आहे. त्याने पुन्हा तिचं गाव टाकलं तर तिच्याकडेही तेच दिसणार. एक बटण दाबून ते खातं इथून काढलं असतं, तर त्याला त्याचं चार, पाच, उणे दोन परत मिळालं असतं. तो दाबत नाही. तिच्याकडे आज किती गारठा आहे, ते आता त्याला कळत नाही.

रोज सकाळी दात घासून झाले की तो मशीन चालू करतो, ब्राउझर उघडतो आणि तिलाही तिकडे दिसणारा तो आकडा बघतो. परवा वहिनीला राहवलं नाही.

"अहो, केवढं ऊन पडलंय ते खिडकीतून दिसतंय की. त्यासाठी मशीन कशाला?"

"आपल्याला दिसतंय," दादा म्हणाला. "तिला तिकडून आपली खिडकी कुठे दिसते?"