वरच्या रानांची परवानगी

आमच्या गावाची पिण्याची विहीर खालच्या अंगाला आणि रानं वरच्या अंगाला. पिशोरकडची जमीन अशीच, डोंगराकडून उतरत आलेली. पावसाळ्यात वरचं सगळं खाली येतं. माती येते, पालापाचोळा येतो आणि कपाशीवर मारलेलं औषधही येतं. एका वर्षी पाण्याला असा वास सुटला की चहासुद्धा तोंडात धरवेना. लेकरांना उलट्या झाल्या. तेव्हा माझे वडील, अण्णा, गावचे सरपंच होते. त्यांनी ग्रामसभेत ठरावच करून घेतला. विहिरीच्या वरच्या रानात फवारणी करायची तर आधी सरपंचाची परवानगी घ्यायची, आणि आभाळ भरून आलेलं असेल तर ती मिळणार नाही. सगळ्यांनी हात वर केले. हात वर करायला काय जातं.

परवानगी मागायला पहिले आले ते माझे काका, अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ. ओट्यावर टेकलेही नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "दादा, उद्या औषध मारू का? बोंडअळी लई झालीय."

अण्णांनी डोंगराकडं बघितलं. आभाळ काळं झालं होतं. "नाय. पाऊस उघडू दे."

"तवर कपाशी राहत नाय."

"नाय म्हणलं ना."

काका गेले. आई म्हणाली, "पाठच्या भावाला एवढं तोडून बोलायचं?"

"घरच्यालाच दिली तर गाव माझ्या तोंडात शेण घालंल," अण्णा म्हणाले.

गावात त्यांचं लई नाव झालं. पारावर लोक म्हणायचे, सरपंच असावा तर असा, भावालाही सोडलं नाही.

मग दुसरे यायला लागले. एक जण निवडणुकीत अण्णांसाठी दारोदार फिरलेला. एक आईच्या माहेरकडचा, लांबचा का होईना, पाहुणा. यायचे, बसायचे, चहा घ्यायचे आणि उठता उठता हळूच विषय काढायचे. डोंगरावर आभाळ तसंच काळं. पण नकार द्यायला अण्णांची जीभ उचलायची नाही. "मारा, पण बेतानं," म्हणायचे आणि शिक्का मारून चिठ्ठी द्यायचे. आईनं एकदा विचारलं, "आता दिसत नाय का पाऊस?" तर भरल्या ताटावरून उठले. मला अजून त्यांचा राग येतो. नाही म्हणायला त्यांना एक भाऊच सापडला, बाकी सगळ्यांची भीड पडली.

काकांनी मात्र पंपाला हात लावला नाही. शेजारच्या रानातल्या औषधाचा वास त्यांच्या बांधावर यायचा. काकू म्हणाली, गुपचूप मारा, कोण बघतंय. काका म्हणाले, "दादानं नाय म्हणलंय." बोंडं आतून पोखरली, काळी पडली. शेवटी काकांनी उभ्या कपाशीत बैल घातले.

मग व्हायचं तेच झालं. पाऊस असा कोसळला की वरची रानं धुऊन निघाली आणि पाण्याला पुन्हा तोच वास सुटला. शहरातून साहेब आले, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेले, आणि थोड्याच दिवसांत विहिरीच्या कठड्यावर लाल अक्षरं आली, पाणी पिण्यास अयोग्य. भर पावसाळ्यात आम्ही टँकरची वाट बघत बसायला लागलो.

एकदा टँकरच्या रांगेत काका नेमके अण्णांच्या मागं उभे होते. काका हळूच म्हणाले, "मला नाय म्हणलास, त्याचं मला कायबी वाटलं नाय. पण मग समद्यांनाच नाय म्हणायचं होतं. माझा कापूस बी गेला अन् हीर बी गेली."

अण्णांनी रिकामी कळशी रांगेत पुढं सरकवली.

त्या दिवसापासून काकांनी त्यांना दादा म्हणणं सोडलं. सरपंच म्हणायचे. पुढं सरपंचकी गेली, तरी सरपंचच. अण्णा शेवटच्या आजारात शहरातल्या दवाखान्यात होते. काका रोज एसटीनं यायचे, पाय चेपत बसायचे. एका दुपारी अण्णांनी त्यांचा हात धरला. "एकदा दादा म्हण की रं."

काकांनी हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं पांघरूण नीट केलं.

"झोपा, सरपंच."