बाराशेच्या पुढचा नंबर

म्हस्कूनं पोराचं नाव मुद्दाम साहेबराव ठेवलं. गावानं ते कधी पुरतं उच्चारलं नाही; 'साहेब्या' म्हणूनच वेळ मारून नेली. म्हस्कू दौंडला रेल्वेच्या लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनांच्या हाताखालचा मजूर होता. गोरा फोरमन विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची वेस्टलेक मोटारसायकल म्हस्कूनं रोख विकत घेतली. गावानं लगेच निकाल दिला, चोरीची असणार. म्हस्कू मरेपर्यंत गावाच्या नाकावर टिच्चून तीच गाडी फिरवत राहिला.

साहेबरावानं पुढं दौंडातच गॅरेज टाकलं. शिरूर-दौंड पट्ट्यात जुन्या वेस्टलेक बऱ्याच होत्या आणि दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गाडी आली की साहेबराव आधी इंजिनावर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद ठेवायचा आणि वरून पेन्सिल घासायचा. आकडे उमटले की कागद वहीत डकवायचा. कागदपत्रांवर त्याचा भरवसा नव्हता. "लिव्हणारा चुकतो, पेन्सिल न्हाई चुकत," असं त्याचं म्हणणं.

सव्वीस वर्षांत एकोणचाळीस छाप जमले. सगळ्यांत लहान नंबर ३१, सगळ्यांत मोठा १९४६. तो म्हस्कूच्या गाडीचा.

नव्याण्णव साली पुण्याच्या एका क्लबनं शिरूरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवलं. साहेबराव बापाच्या वेस्टलेकवर बायकोला, रंभाला, मागं बसवून निघाला. गेटवर क्लबच्या सेक्रेटरींनी इंजिनाचा नंबर पाहिला आणि हातातलं जाडजूड पुस्तक उघडलं.

"कंपनीनं हे मॉडेल बाराशेच काढलं. तुमचा नंबर एकोणीसशेच्या पुढचा? इंजिन बनावट आहे. नकली गाड्यांची रांग पलीकडे आहे, तिकडे लावा."

साहेबरावाचं डोकंच तापलं. आधी चोरीची, आता खोटी. आपल्या बापाच्या वाट्याला खरं म्हणून काही यायचंच नाही का? पण आवाज न चढवता त्यानं पिशवीतून वही काढली.

"बाराशेच निघाल्या, तर ह्यातल्या पंधरा बाराशेच्या पुढं कशा?"

"त्याही बनावट असतील."

"पंधरा जणांनी खोटी इंजिनं केली, आन् एकबी नंबर दोनदा न्हाई ठोकला? चार हजार, पाच हजार न्हाई ठोकला?"

सेक्रेटरी वैतागले. "मग तुमच्या मते किती काढल्या?"

"दोन हजाराच्या आसपास. हिशोब आमच्या मंडळींचा हाय. इचारा."

रंभा पदर सावरून पुढं झाली. "जयंतीला मंडपवाल्याकडनं ताटं आणतो आमी. परत्येक ताटावर नंबर असतोय. चाळीस ताटं घासली आन् मोठ्यात मोठा आकडा तीनशे नव्वद निघाला, तर मधी सरासरी धा-धाचं अंतर पडलं. तेवढंच वर धरायचं. म्हंजी त्याच्याकडं चारशे ताटं. हजार हायेत म्हणला, तर थापा मारतोय."

"इथं एकोणचाळीस छापांत पन्नासाचं अंतर पडतंय," साहेबराव म्हणाला.

सेक्रेटरी हसले. "ताटांवरून मोटारसायकली? अहो, पुस्तक विलायतेत छापलंय. ही माझी स्वतःची वेस्टलेक बघा. नंबर ११८४. शेवटच्या काहींपैकी एक." मंडपाच्या मधोमध गाडी उभी होती आणि तिच्यापुढं नंबराची पितळी पाटी चकाकत होती.

"छाप घिऊ का हिचा?"

नाही म्हणायला सेक्रेटरींना कारण सापडेना. इंजिनावर रुपेरी रंगाचे थर चढले होते. साहेबरावानं कागद ठेवला, पेन्सिल घासली. आधी एक उमटला. मग नऊ. मग आठ, मग चार.

सेक्रेटरींनी गाडीची कागदपत्रं चाळली. अगदी खालच्या, पिवळ्या पडलेल्या कागदावर कुण्या कारकुनानं मराठीत १९८४ लिहिलं होतं. त्याच्या ९ची शेपटी आखूड पडली होती. पुढच्या कारकुनानं त्याचा १ वाचला, आणि सेक्रेटरींनी तोच पितळेवर कोरून घेतला.

"पुस्तकापरमानं आता तुमचीबी बनावट," साहेबराव म्हणाला. "नकलीची रांग तिकडं हाय ना?"

भोवती जमलेल्यांत कुणीतरी फिसकन हसलं. सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलं. "आणा गाडी आत. नाव सांगा."

साहेबराव जागचा हलला नाही. "आधी त्ये बाराशे खोडा."

सेक्रेटरींनी पुस्तकातले बाराशे खोडले. "काय लिहू?"

"चाळिसावा छाप घावला, तवा आता दोन हजार तीसच्या आसपास. आजून मोठा नंबर मिळाला तर आजून वाढवू." मग तो रजिस्टरवर वाकला. "नाव साहेबराव. बापाचं म्हस्कू. पुरतं लिव्हा. नंबर एकोणीसशे शेहेचाळीस."

सेक्रेटरी लिहीत होते. रंभानं त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"नऊला शेपूट काढा," ती म्हणाली.

त्यांनी काढलं.