बिब्याचे वळ

आठवीच्या वर्गाला मी मराठी शिकवते. वाक्प्रचारांच्या यादीत 'बिब्बा घालणे' आलं की 'चांगल्या चाललेल्या कामात विघ्न आणणे' असा अर्थ सांगते आणि भरकन पुढच्यावर जाते. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पण बिब्बा म्हणजे काय?" मी म्हणाले, "एक फळ असतं, काळं." तिनं ते वहीत लिहून घेतलं. इतकं अपुरं उत्तर मी वर्गात दुसऱ्या कशाचंही देत नाही.

बिबा मला पुष्कळ माहीत आहे. आमच्या बोलण्यात तो बिबाच, जोडाक्षर लिहिण्यापुरतं. माझं आजोळ इस्लापूरकडचं. तिथल्या रानातून मामा पिशवी भरभरून बिबे आणायचा. टाचेला भेग पडली की बिबा, काटा मोडला की बिबा, कंबर धरली की बिबा. पाळण्याला दृष्ट लागू नये म्हणून बिबा. धोब्याच्या कपड्यावरची न निघणारी खूण बिब्याची, आणि त्याच्या पोटातली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात. पण टरफलातलं तेल जहाल. कोरड्या कातडीला लागलं की दुसऱ्या दिवशी काळंलाल उठतं, खाजतं, फोड येतात, खाजवाल तिथं पसरतं. याला बिबा उतणं म्हणतात. उतला की वरून खोबरेल चोळायचं आणि तीळ-खोबरं खायचं. हे सगळं मी आईकडून शिकले. वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, यातलं काही ठाऊक नव्हतं आणि करूनही घ्यायचं नव्हतं. ते देगलूरच्या शाळेत मास्तर; त्यांच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं, बाकी सगळा अडाणीपणा.

दहावीला मला चांगले मार्क पडले आणि तिथंच माझं नशीब फुटलं. लातूर पॅटर्नचं वारं सुटलं होतं. अण्णांनी ठरवलं, पोरगी डॉक्टर होणार. अगदीच नाही जमलं तर विष्णुपुरीला इंजिनिअरिंग. मला कुणी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धतच नव्हती.

भूकंपाला तीन वर्षं होत आली होती. लातुरात खोली मिळणं मुश्किल, कारण एकीकडून भूकंपातून उठलेली माणसं आली होती आणि दुसरीकडून आम्ही, मार्कांच्या मागे लागलेली पोरं. मी ज्यांच्याकडे राहिले त्या मावशी औशाकडच्या खेड्यातल्या. भूकंपात नवरा गेला, सासू गेली, आणि भिंतीखाली सापडून त्यांचा डावा गुडघा कायमचा अधू झाला. भावानं दिलेल्या दोन खोल्या होत्या; पुढच्या खोलीत आम्ही चौघी मुली, मागच्या खोलीत त्या आणि त्यांची चूल. आमच्या जेवणावरच त्यांचं जेवण होतं. हे त्या बोलूनही दाखवायच्या. "तुमी हाईत म्हनून मी हाय गं," म्हणत चौथी भाकरी ताटात टाकायच्या.

बाजारातले बिबे वाळके निघतात अशी त्यांची तक्रार. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर मी मामाकडचे चांगले टपोरे बिबे त्यांना नेऊन दिले. त्यांना कोण आनंद झाला. गुडघ्याला आधी गोडं तेल चोळायच्या, मग बिबा सुईला टोचून चिमणीच्या जाळावर धरायच्या आणि तेल सुटलं की दुखऱ्या जागी बारीक बारीक फुल्या काढायच्या. मी चिमणी धरून बसायचे. "हात लांब धर," त्या दटावायच्या, "बिब्याशी मस्करी न्हाई करायची." उरलेले बिबे त्यांनी डब्यात घालून फळीवर ठेवले.

आता माझं. रसायनशास्त्र मला कळत नव्हतं. अवघड जात होतं असं नाही, कळतच नव्हतं. भिंतीकडे बघावं तशी मी फळ्याकडे बघायचे. दर चाचणीची यादी क्लासच्या दाराला लागायची आणि माझं नाव शोधायचं तर खालून वाचायला लागायचं. अण्णा महिन्यातून एका रविवारी यायचे. आधी ती यादी बघायचे, मग मला. 'अण्णा, मला जमत नाही,' एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणायची माझी हिंमत नव्हती. आजारी पडावं, म्हणजे आपोआप घरी नेतील, असं मनात घोळायला लागलं, पण मेली साधी सर्दीसुद्धा होईना.

एका शुक्रवारी दुपारी मावशी भाजीला गेल्या होत्या आणि बाकीच्या तिघी क्लासला. मी डबा काढला. तेल न चोळता बिबा तापवला आणि काडेपेटीच्या काडीनं हातावर लावला. अंगावर उठलंय, लातूरचं पाणी बाधतंय, असं सांगायचं ठरवलं होतं. त्यासाठी ठिपके पुरले असते. मी मनगटापासून कोपरापर्यंत चार रेघा ओढल्या. आजोळी एका माणसानं बांधाच्या भांडणात असेच बिब्याचे वळ उठवून सख्ख्या भावावर फिर्याद केली होती. ती गोष्ट मामा हसत हसत सांगायचा. काडी हातात धरली तेव्हा ती मला आठवली नव्हती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आठवली होती.

रविवारपर्यंत हात असा सुजला की बाही वर जाईना. अण्णा आले, यादी बघूनच आले होते, तोंड चढलेलं. मी बाही कशीबशी वर केली. ते बघतच राहिले. "कुणी मारलं?" त्यांनी विचारलं. पाणी बाधल्याचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी रडायला लागले. ते रडू अगदी खरं होतं. रसायनशास्त्राचं होतं, घरच्या आठवणीचं होतं, हाताच्या आगीचं होतं. अण्णांनी मागच्या खोलीकडे बोट केलं. "ह्या बाईनं?" मी आणखी जोरात रडले.

मग अण्णा जे बोलले ते शाळेच्या मैदानावर बोलावं तसं, गल्लीला ऐकू जाईल असं. दुसऱ्याची लेकरं मारता, लाज वाटत नाही का, भूकंपानं डोकं फिरलंय तुमचं. बाकीच्या तिघी भिंतीला चिकटून उभ्या. मावशी लंगडत पुढे आल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला, एकच क्षण बघितला आणि सोडला. मला वाटलं, आता सांगतील. त्या आत गेल्या आणि खोबरेलाची बाटली आणून माझ्या पिशवीशेजारी ठेवली. "पानी लावू नगं," एवढंच म्हणाल्या. अण्णांनी बाटली पायानं बाजूला सारली आणि माझी पेटी उचलली.

देगलूरला आईनं हात बघितला आणि दार लोटून घेतलं. "बिबा उतलाय ह्यो. कुठनं लागला?" मी सगळं सांगितलं. तिनं माझ्या चांगल्या हातावर फाडकन मारलं. तेवढाच एक मार मला त्या सगळ्या प्रकरणात बसला. मग खोबरेल चोळता चोळता म्हणाली, "आता तोंड उघडू नको. ह्यांना कळलं तर घरात उभं करणार न्हाईत तुला." बाहेर अण्णा शेजाऱ्यांना हकिगत सांगत होते. त्यांनी त्या तिघींच्या वडिलांना पत्रंही धाडली. पत्र लिहिण्यात अण्णांचा हात कुणी धरत नसे.

बारावीला त्यांतली एक मुलगी परीक्षा केंद्रावर भेटली. म्हणाली, "महिन्याभरात आम्हाला तिघींनाही काढून नेलं. नंतर तिथं कुणी पोरगी राहायला आलीच नाही. मावशी आता कुठल्या तरी होस्टेलवर भाकऱ्या थापतात." मी बरं म्हणाले आणि पेपर लिहायला बसले. तो मराठीचा होता, चांगला गेला.

त्यानंतर सतरा वर्षांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मी लातूरला गेले. गल्लीत चौकशी केली आणि मावशी सापडल्या, एका चार मजली होस्टेलच्या स्वयंपाकघरात, पालेभाजीच्या ढिगाशी. पाय लांब करून बसल्या होत्या. मी कोण ते सांगितलं. त्या निवडतच राहिल्या. "मावशी," मी म्हणाले, "तुम्ही मला मारलं नव्हतं. मीच बिबा लावला होता."

"मला काय सांगायलीस?" त्या म्हणाल्या. "मला ठाऊक न्हाई व्हय ते?"

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"काय बोलू? बिबे माझ्या डब्यातले. मीच लावले म्हनला आसता तुजा बाप." त्यांनी जुडी आपटून माती झाडली. आवाज चढला. "घर भूकंपानं नेलं, त्याचं कुनाला काय म्हनावं? पर पोरी तू नेल्यास माझ्या. जा, ज्यांला ठाऊक न्हाई त्यांला सांग. हितं नगं रडू."

पुढच्याच रविवारी मी देगलूरला गेले, अण्णांना सांगायचंच म्हणून. एसटीत वाक्यं जुळवली, पुन्हा मोडली. घरी पाहुणे बसले होते, मुलाला लातूरला ठेवायचा सल्ला घ्यायला आलेले. आईनं माझ्या हातात चहाचा ट्रे दिला. अण्णा निवृत्त झाले होते, पण आवाज तोच. "क्लास लावा, खुशाल लावा. पण बाईमाणसाच्या खोलीवर ठेवू नका. आमच्या पोरीला एकीनं छडीनं फोडून काढलं होतं. भूकंपातली बाई, डोक्यावर परिणाम झालेला. खोटं वाटत असेल तर हिलाच विचारा."

पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. "खरंच मारलं होतं का हो, ताई?"

आई दारात उभी होती. अण्णा माझ्याकडे बघत होते, मायेनं, सतरा-अठरा वर्षांपूर्वी मला वाचवून आणलेल्या बापाच्या नजरेनं.

"हाव," मी म्हणाले.

सोळाव्या वर्षी मी एक शब्दही खोटं बोलले नव्हते, नुसती रडले होते. तो शब्द मी चौतिसाव्या वर्षी बोलले.