नऊ पायऱ्या आणि थोडेसे मीठ

जपानमधील सेंदाईत आम्ही राहतो ती इमारत चढावर आहे. प्रवेशद्वारातून बाहेर पडले की रस्त्यापर्यंत नऊ पायऱ्या उतराव्या लागतात. हिवाळ्यात त्या पायऱ्यांवर बर्फ साचू न देण्याचे काम इमारतीतील आठ बिऱ्हाडांकडे एकेक महिना फिरत असते. या पाळीला येथे तोबान म्हणतात. यजमानांना येथील विद्यापीठात संशोधनाचे काम मिळाले, म्हणून पुण्यातील महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्याची नोकरी सोडून मी चौपन्नाव्या वर्षी येथे आले. दुसऱ्या हिवाळ्यात जानेवारीची पाळी आमच्याकडे आली. यजमान सकाळी सातलाच बाहेर पडत असल्याने ती माझ्याकडे आली, असे म्हणणे अधिक खरे होईल.

डिसेंबरची पाळी आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंची होती. वय सत्तरीच्या पुढे, बोलणे हळू आणि स्पष्ट. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात त्या सारे सामान घेऊन आमच्या दाराशी आल्या: लांब दांड्याची लोखंडी फावडी, खराटा, झाकणाची वाळूची बादली, एक वही आणि कॅल्शियम क्लोराईडच्या पांढऱ्या दाण्यांची पिशवी. या दाण्यांनी बर्फ वितळतो. आम्ही घरात त्यांना मीठच म्हणू लागलो. पिशवीत एक छोटे ओगराळे होते. आधी बर्फ फोडायचा, मग झाडायचा, मग वाळू पसरायची आणि जो पातळ थर निघणारच नाही त्याच्यापुरते मीठ टाकायचे, असा क्रम त्यांनी मला दोनदा समजावला. पायऱ्यांच्या एका अंगाला अझेलियाची झुडपे आहेत आणि तेथील गटाराचे पाणी खालच्या ओढ्याला मिळते, हेही त्यांनी वहीतील नकाशावर बोट ठेवून दाखवले.

मग त्यांनी तळमजल्यावरच्या गृहस्थांविषयी सांगितले. ब्याऐंशी वर्षांचे ते एकटे राहत. आठवड्यातून तीन सकाळी, आठला दहा कमी असताना, त्यांना डायलिसिससाठी नेणारी रुग्णालयाची गाडी रस्त्यावर येऊन थांबे. आदल्या जानेवारीत ते शेवटच्या पायरीवर घसरले, खुब्याचे हाड मोडले आणि दोन महिने अंथरुणात गेले. त्यांच्या मुलीने तेव्हाच बजावले होते की पुन्हा एकदा पडलात तर हे घर बंद करून मी तुम्हांला ओसाकाला घेऊन जाईन. गृहस्थ या इमारतीत चाळीस वर्षे राहिले होते. त्यांना जायचे नव्हते. बाईंनी हे सारे हवापाण्याविषयी बोलावे तसे सांगितले, आणि निघताना ओगराळ्याकडे पाहत, किंचित वाकून म्हणाल्या, "थोडंच टाका. अगदी थोडंच."

या ठिकाणी माझी चूक झाली. ती कशी झाली हे सांगताना आजही संकोच वाटतो. आमच्याकडे पंगतीत पाहुणा ताटावर हात आडवा धरून "थोडंच वाढा" म्हणाला, तर वाढणारीने काय समजायचे असते हे मला कोणी शिकवावे लागले नव्हते. त्या 'थोडंच'चा अर्थ भिडेचा असतो. त्याच्या हाताच्या फटीतून आणखी एक पोळी सरकवण्यातच आपले मन दिसते. बाईंचे वाकणे, त्यांचे हलके हसणे, तोच शब्द दुसऱ्यांदा म्हणणे, हे सारे मला अगदी ओळखीचे वाटले. इमारतीच्या सामायिक वस्तूबद्दल त्या सौजन्याने हात आखडता घेत आहेत, असे मी मनाशी ठरवले. विचारायला हवे होते. पण ज्या बाईने वीस वर्षे फळ्यावर गोठणबिंदूचे समीकरण लिहिले, तिने मीठ किती टाकायचे हे विचारायचे, याची मला लाज वाटली. आणि माझ्या जपानी वाक्यांची त्याहून अधिक.

पहिल्या बर्फाला मी दर पायरीला दोन ओगराळी टाकली. बर्फ फोडण्याची गरजच उरली नाही. तासाभरात पायऱ्या काळ्या, ओल्या आणि स्वच्छ झाल्या. गृहस्थ कठडा धरून खाली उतरले, रस्त्यावर पोचल्यावर मागे वळले आणि मला वाकून नमस्कार केला. त्यांना पायऱ्यांवर कोणी धरलेले आवडत नसे, म्हणून चालक गाडीजवळच उभा राहत असे. त्या दिवशी मला फार बरे वाटले.

त्यानंतर मी दोनाची तीन केली. रविवारी यजमान दारात उभे राहून बराच वेळ पाहत होते. "अगं, पायऱ्यांचं लोणचं घालते आहेस का?" त्यांनी विचारले. मी म्हटले, गृहस्थ पुन्हा पडले तर तुम्ही जबाबदारी घेणार का? अझेलियाच्या बुडाशी पांढरी खपली धरू लागली होती आणि पायरीकडच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी दिसत होत्या. मी ते पाहिले, आणि खराट्याने खपली झुडपांच्या आत लोटली. वाळूच्या बादलीचे झाकण कधीतरी वाऱ्याने उडाले होते. वाळू मला लागतच नव्हती, त्यामुळे मी ते शोधलेही नाही.

महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, दुपारभर ओला जड बर्फ पडला. बुधवार गृहस्थांच्या रुग्णालयाचा दिवस. रात्री थंडी वाढणार असे बातम्यांत सांगत होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास मी उरलेले सारे मीठ पायऱ्यांवर रिकामे केले आणि पिशवी झटकून घडी घातली. सकाळी साडेसहाला खिडकीतून पाहिले तर नऊच्या नऊ पायऱ्या स्वच्छ होत्या. मी निश्चिंतपणे चहा घेतला.

आठला वीस कमी असताना मी खाली उतरले. शेवटच्या पायरीवरून रस्त्यावर पाऊल ठेवले आणि ते सर्रकन निघूनच गेले. कठड्यावर हात होता म्हणून मी वाचले. वाकून पाहिले तेव्हा उमगले. पायऱ्यांवरचा सारा बर्फ वितळून रात्रभर खाली वाहत राहिला होता, आणि रस्त्याकडेच्या खोलगट भागात, जेथे गाडी थांबे नेमक्या त्याच जागी साचला होता. तेथील बर्फाचे पाणी त्यात मिसळत गेले, मीठ विरत गेले आणि पहाटेच्या थंडीत सगळे काचेसारखे गोठले. डांबराच्या काळ्या रंगामुळे ते दिसतही नव्हते. द्रावण विरल झाले की गोठणबिंदू पुन्हा वर सरकतो, हे वाक्य मी किती वर्गांना लिहून घ्यायला लावले होते.

पिशवी रिकामी होती. मी बादलीकडे धावले. उघड्या बादलीत बर्फ पडून, वितळून, पुन्हा गोठून वाळूचा एकच दगड झाला होता. राहिली होती फावडी. ती उचलून मी त्या काचेच्या मध्यभागी घाव घातला. हाताला झिणझिण्या आल्या, पण बर्फावर एक पांढरी रेघ उमटली, तेवढेच. दुसरा, तिसरा घाव. तेवढ्यात वर प्रवेशद्वार सरकल्याचा आवाज आला. गृहस्थ नेहमीपेक्षा पाच मिनिटे आधीच निघाले होते.

पायऱ्या स्वच्छ पाहून ते रोजच्यापेक्षा भराभर उतरू लागले. दोन आठवडे त्या पायऱ्यांनी त्यांना हेच शिकवले होते, आणि पायऱ्यांना मी. चौथी पायरी, पाचवी. मी एरवी जपानीत तोंड उघडण्यापूर्वी वाक्य मनात तीनदा जुळवून पाहते. त्या क्षणी काहीच जुळेना. सहावी पायरी.

"तिथंच थांबा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "खाली बर्फ आहे. मीच केला आहे."

ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या पायांकडे, मग डांबराकडे. घाबरल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही, पण कठड्यावरचा त्यांचा हात घट्ट झाला.

मी पुन्हा फावडी उगारली. वरून त्यांचा शांत आवाज आला, "मध्ये नको. मध्ये मारलं तर तो नुसता तुम्हांला हसेल. कडेनं घ्या. आधी गटाराकडची कड."

मी कडेला पाते रुतवले. दांडा दाबताच तळहाताएवढा तुकडा उचलला गेला. "हं. आता तिथूनच पुढं. उलटं पातं नको." मी तसे केले. गाडी वळणावरून आली, चालकाने ब्रेक लावला आणि ती वीतभर तशीच घसरून थांबली. तरुण चालक खाली उतरला, घड्याळाकडे पाहिले आणि डायलिसिसच्या यंत्राची वेळ ठरलेली असते असे हलक्या आवाजात म्हणाला. त्याला दोष द्यायचा नव्हता, तरी मी भराभर घाव घालू लागले. त्याने गाडीतून वाळूची एक छोटी पिशवी काढली. मी फोडत गेले, तो पसरत गेला. दोन पावलांची एक खडबडीत वाट तयार व्हायला बारा मिनिटे लागली. तोवर गृहस्थ सहाव्या पायरीवर उभे होते.

शेवटी उरलेल्या तीन पायऱ्या उतरून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. एका बाजूला चालक, दुसऱ्या बाजूला मी. दुसऱ्या पावलाला त्यांचा बूट सरकला आणि त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला. तो मला वाटला होता त्यापेक्षा फार कमी होता. आम्ही धरून ठेवले. ते गाडीत बसले आणि दार लागले. उशिराचे कारण नोंदवावे लागेल, असे चालकाने सांगितले. ती नोंद मुलीकडे जाते, हे मला ठाऊक होते. माझे नाव लिहा, असे मी म्हणाले.

त्याच दुपारी मी त्यांच्या दाराची घंटा वाजवली. वाटेत वाक्य तयार केले होते: तुमच्या मुलीला मीच फोन करून सगळे सांगते. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले. "मुलीला मी सांगेन," ते म्हणाले. "पडलो नाही, हेही सांगेन." त्यांनी मला आत बोलावले नाही.

वरच्या बाईंना सांगणे त्याहून कठीण गेले. तुमचे 'थोडंच' मला भिडेचे वाटले, हे मी पंगतीचे उदाहरण देऊन कसेबसे समजावले. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे जेवायला आले, तर मला नकोच म्हणून उपाशी राहावं लागेल. नाहीतर मरेपर्यंत जेवावं लागेल." त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसले नाही. दुसऱ्या दिवशी त्या खुरपे घेऊन खाली आल्या आणि आम्ही दोघींनी झुडपांच्या बुडाची खारट माती वीतभर खोल काढून पोत्यात भरली. वसंतात तीन झुडपे फुटलीच नाहीत. मी फेब्रुवारीची पाळीही मागून घेतली. त्या महिन्यात मिठाची नवी पिशवी निम्मीसुद्धा झाली नाही. माझे तळहात मात्र सोलवटले.

त्याच जानेवारीच्या अखेरीस गृहस्थांची मुलगी ओसाकाहून आली. मी खाली खराटा मारत होते. मी कोण हे तिने ओळखले असावे, पण ती नुसती वाकली. मग ती नऊ पायऱ्या उतरली, पुन्हा चढली, पुन्हा उतरली, आणि रस्त्याकडेच्या खोलगट भागात बुटाची टाच तीन-चार वेळा घासून पाहिली. मी खराटा थांबवून उभी राहिले. ती दोन रात्री राहिली आणि एकटीच परत गेली.

गृहस्थ अजून तळमजल्यावर आहेत. आठवड्यातून तीन सकाळी ते उतरतात, पण आता भराभर नाही. प्रत्येक पायरीवर आधी काठीचे टोक टेकवतात, दाबून पाहतात आणि मगच पाऊल ठेवतात. मी खराटा घेऊन खाली उभी असले तरीही. आरंभी ते पाहताना मला मान वर करवत नसे. आता मी त्यांच्या काठीकडे पाहते, आणि ते रस्त्यावर पोचेपर्यंत जागची हलत नाही.