स्लॅबखालचे ससे

“पळा, हललं, हललं!” आत्या भर दुपारी अशी ओरडली की थेट देगलूरपर्यंत ऐकू गेलं असेल. लातूरची आमची सगळी गल्ली ताटावरून उठून रस्त्यावर आली. भूकंपाला वर्ष होत आलं, तरी डोक्यावर स्लॅब पडेल या भीतीने आम्ही अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्येच राहायचो. खरं तर हलला होता फक्त शेडचा पत्रा, आणि हलवला होता वडिलांनी शेडच्या कोपऱ्यात पाळलेल्या सशांनी. त्यातल्या तिघांना खरूज झाली होती, आणि ते अंग खाजवायला लागले की धरणीमायसुद्धा दचकायची. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, “हे तीन आजच वेगळे काढा, न्हाईतर बाकीचे समदे जातील.” वेगळी जागा एकच होती, शिकवणीच्या क्लाससाठी बाहेरगावाहून येणाऱ्या पोरांना भाड्याने द्यायला बांधलेली स्लॅबची खोली, भूकंपापासून तिच्यात कुणी पाऊल टाकलं नव्हतं. वडिलांनी पिंजरा उंबऱ्याबाहेरूनच काठीने आत ढकलला. पण सशांना खरजेवरचं करंजाचं तेल लावायला जाणार कोण? वडिलांची कंबर धरली, काकांना बिलोलीचं काम आठवलं. शेवटी आई वाटी घेऊन आत गेली, ती तास झाला तरी बाहेर येईना. दारातून हाका मारून आम्ही स्लॅब पाडायचा तेवढा बाकी ठेवला. अखेर वडील देवाचं नाव घेत आत घुसले, तर आई पिंजऱ्याला टेकून ढाराढूर झोपलेली. ससे वाचले, खोलीही पुढे भाड्याने गेली, पण करंज तेलाचा वास आला की आजही वडिलांचा कापरा आवाज कानात घुमतो, “अगं, स्लॅबखाली झोपलीस? भीती न्हाई वाटली?” आई डोळे चोळत म्हणाली, “इथं कुणी ओरडत न्हाई.”