बिनटॅक्सची स्कूटर

माझ्या थोरल्या बहिणीला लहानपणी डाव्या पायात पोलिओ झाला. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं, कारण बाबांना ते चालत नसे. ते मूळचे मालवणकडचे, भांडुपला आल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले. कोणी पायाबद्दल विचारलं की म्हणायचे, गावी झाडावरून पडली. झाड कधी आंब्याचं असायचं, कधी फणसाचं. ताई म्हणायची, "बाबा, निदान झाड तरी एकच ठेवा."

ताई घाटकोपरच्या एका शाळेत ऑफिसात आहे. रोज सकाळी कुबडी घेऊन नाक्यावर उभी राहायची आणि रिक्षावाले तिच्याकडे एक नजर टाकून पुढे निघून जायचे. एका सकाळी तीन रिक्षा अशाच गेल्या, तेव्हा घरी परत आली आणि म्हणाली, "बास. मी स्कूटर घेणार. मागे दोन जादा चाकं लावलेली. माझ्या नावावर."

बाबा पेपर वाचत होते, ते वाचतच राहिले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांचा अभ्यास सुरू झाला. बाबांचा अभ्यास म्हणजे आमच्या डोक्याला ताप. शोरूमवाल्यांशी गप्पा, शेजारच्या टेम्पोवाल्याचा सल्ला. जेवताना आम्हाला ऐकवायचे की दुचाकीचा रोड टॅक्स इंजिनच्या सीसीवर असतो, मोटारीला पेट्रोलचा दर वेगळा, डिझेलला त्याहून जास्त, सीएनजीला कमी. मी म्हटलं, "बाबा, ताईला या सगळ्याशी काय करायचंय? तिची गाडी जादा चाकांची, दिव्यांगाच्या नावावरची. तिला टॅक्स माफच आहे."

ते जेवता जेवता थांबले. "विजेची घेवया मगे," म्हणाले. "तिका पण टॅक्स नाय. सगळ्यांकाच नाय. मगे त्या शब्दाची गरजच कित्याक?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना टॅक्स वाचवायचाच नव्हता. तो 'दिव्यांग' शब्द चुकवायचा होता. विजेच्या गाडीला माफी सरसकट असते, तुम्ही धडधाकट असा नाहीतर नसा. ती माफी घेताना कोणाला काही सांगावं लागत नाही. माझं डोकं फिरलं आणि त्यांची कीवही आली, दोन्ही एकाच वेळी. ताईला खाली नळासमोरच्या अंगणात चार्जिंग कुठून मिळणार, याचा त्यांनी विचारही केला नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरातून वायर सोडायची म्हणत होते.

आणि एक दिवस ते बुकिंग करूनच आले. विजेची साधी स्कूटर, त्यांच्या नावावर. आमच्याकडे लाइट बिलापासून गॅसपर्यंत सगळं बाबांच्या नावावर, त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. म्हणाले, "आधी पासिंग होवंदे. चाकां मगे लावूया. कोण बघताहा?"

ताई आवाज न चढवता बोलली. "बाबा, चाकं लावली की गाडी बदलली. पेट्रोलची असो नाहीतर विजेची, आरसीवर तशी नोंद लागतेच. लायसन्सही मला त्याच गाडीवर परीक्षा देऊन मिळणार. उद्या कोणी मला ठोकलं आणि नोंद नसली, तर इन्शुरन्सवाले हात वर करतील. तुमच्या लपवालपवीत माझी वाट लागेल."

मग ती म्हणाली, "मला माफी मिळाली काय, नाही काय. मला माझी गाडी पाहिजे. तुम्हाला माझी लाज वाटते का, एवढंच सांगा."

बाबांनी उठून चपला घातल्या आणि बाहेर गेले. मला वाटलं, आता महिनाभर अबोला. संध्याकाळी आले ते बुकिंग रद्द करून. ताईकडे न बघता म्हणाले, "तुका होई ती घे."

तिने पेट्रोलची घेतली. चाकं बसवून झाली, आणि गाडी दाखवायला आम्ही तिघं आरटीओच्या मैदानात गेलो. ऊन रणरणत होतं. इन्स्पेक्टर साहेब गाडीभोवती फिरले, वाकून चाकं बघितली, आणि गाडीजवळ बाबाच उभे होते म्हणून त्यांनाच विचारलं, "काका, गाडी कोण चालवणार?"

ताईने तोंड उघडलं आणि मिटलं. मीही मध्ये पडले नाही. आजूबाजूला एजंट, ड्रायव्हर, पासिंगला आलेली माणसं. बाबांनी घसा खाकरला.

"माझी मुलगी," ते म्हणाले. "तिच्या डाव्या पायात पोलिओ आहे. लहानपणापासून."

आवाज नको तितका मोठा निघाला होता. बाजूचे दोघे-तिघे वळले आणि पुन्हा आपापल्या कामाला लागले. साहेब म्हणाले, "बरं. ताई, एक राउंड मारून दाखवा."

ताईने कुबडी बाबांच्या हातात दिली, गाडीवर बसली आणि निघाली. पहिल्या वळणावर जरा डगमगली, मग सावरली. साहेब कधीच पुढच्या गाडीकडे गेले होते. बाबा मात्र ते गेले तिकडेच बघत होते, अजून काहीतरी विचारायला परत येतील या अपेक्षेने. कोणीच आलं नाही.

माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "बस? इतक्याच?"