मितूच्या वहीतल्या पायऱ्या

हा अनुभव लिहून काढा, असं आमच्या शुक्रवारच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने मला दोन-तीनदा सांगितलं आणि मी दोन-तीनदा टाळलं. एक तर चमत्कार मानणाऱ्या घरात मी वाढलेली नाही. नवस, अंगारे, बुवा यांचा विषय निघाला तरी माझे वडील भरल्या ताटावरून उठत. बौद्ध माणसाने कुणापुढे हात पसरायचे नसतात, जे काय करायचं ते स्वतःच्या बळावर, हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि पुढे इतरांना चढ्या आवाजात ऐकवतही आले. दुसरं कारण असं, की या अनुभवात मी काही फारशी चांगली दिसत नाही. पण वर्ष होत आलं तरी ती गोष्ट मनातून उतरत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आम्ही मस्कतजवळ अल खौदला राहतो. मिस्टर इंजिनियर आहेत, मी एका ऑफिसात कागदपत्रं सांभाळते. बारा-तेरा वर्षांपूर्वी इथल्या आमच्या बौद्ध कुटुंबांतल्या मुलांसाठी मी शुक्रवारचा वर्ग सुरू केला. मुलं इंग्रजीत बोलतात, इंग्रजीत भांडतात, वंदनासुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ करतात. त्यांना थोडं मराठी यावं, आपण कोण हे कळावं, आणि परक्या देशात कुणावर वेळ आली तर हाक मारायला चार घरं असावीत, एवढाच हेतू. वर्गाला स्वतःची जागा नाही. दर शुक्रवारी एकेका घराचा नंबर. ज्यांचा नंबर असेल त्यांनी टेबलावर पांढरं कापड अंथरायचं, बुद्धांची मूर्ती आणि आमच्या प्रत्येक घरात असते ती तसबीर मांडायची, आणि शेवटी सगळ्यांना खीर द्यायची. नंबरांची यादी मी करते. यादी, हजेरी, वह्या, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप, सगळं माझ्याच हातात. मिस्टर चेष्टेने मला हेडमास्तरीण म्हणत, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

मागच्या वर्षी एक नवीन कुटुंब आलं. मिलिंद रुसैलला एका गोदामात स्टोअरकीपर होता, त्याची बायको स्मिता महाडकडची, आणि नऊ वर्षांची मुलगी संघमित्रा. तिला सगळे मितू म्हणत. तिघंही दारापाशीच बसायची. मितू बोलायची कमी, पण वही सतत उघडी. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचा शेवटचा शुक्रवार मी त्यांच्या नावावर टाकला आणि मुलांना अभ्यास दिला, ‘आपल्या घरी वर्ग भरेल तेव्हा घर कसं दिसेल, ते काढा.’

नंबराच्या दोन दिवस आधी मिलिंदचा मेसेज आला, ‘ताई, जय भीम. आम्हाला जमणार नाही, माफ करा.’ कारण काही नाही. मी चिडले. त्याला फोन करून विचारावं, एवढंही सुचलं नाही. ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, की ज्यांना जबाबदारी झेपत नसेल त्यांनी यादीत नाव देऊ नये, मुलांपुढे शिस्तीचा प्रश्न असतो. वास्तविक नाव त्यांनी दिलं नव्हतं, मीच घातलं होतं. चार जणांनी खाली पसंतीचा अंगठा टाकला. त्याच दिवशी मिलिंद ग्रुपमधून बाहेर पडला. मी मनात म्हटलं, बरं झालं. नंबर दुसऱ्या घराला दिला, वर्ग छान झाला, आणि आम्ही सुट्टीला भारतात निघून गेलो.

परत आल्यावर सप्टेंबरमध्ये मी वह्यांची पेटी उपसली. गाडीच्या डिकीत उन्हाने वह्यांची पानं वाकडी झाली होती. जुनी पानं फाडून वह्या पुन्हा वाटायच्या म्हणून एकेक बघत होते, त्यात मितूची वही हाती आली. तिने घर काढलं होतं. एक खोली, आणि खोलीच्या मधोमध भिंतीपासून भिंतीपर्यंत पडदा. पडद्यापलीकडे दुसऱ्याच कुणाचे पलंग. अलीकडे एक कॉट, जमिनीवर गॅसची शेगडी, आणि उरलेल्या वीतभर जागेत उभी केलेली प्रवासाची बॅग. बॅगेवर पांढरं कापड, त्यावर मूर्ती, फुलं. खोलीत माणसं मावत नाहीत म्हणून पोरीने दाराबाहेर जिना काढला होता आणि पायरीपायरीवर एकेक डोकं, खाली थेट कागदाच्या कडेपर्यंत. वर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमचा नंबर’. आणि खाली लाल शाईत माझा शेरा होता. ‘छान. रंग रेषेबाहेर जाऊ देऊ नकोस.’

म्हणजे ते चित्र मी पाहिलं होतं. त्यांच्या नंबराआधीच्या शुक्रवारी वह्या गोळा करून तपासलं होतं. बरोबरची खूण करून पान उलटलं होतं. अर्धी खोली दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घेतलेली माणसं तीस जणांना कुठे बसवणार होती? आणि हे ग्रुपवर कुठल्या तोंडाने सांगणार होती? इतक्या वर्षांत ज्या कुणी हळूच येणं सोडलं, त्या प्रत्येक घराची मला आठवण झाली. त्या रात्रीच मिलिंदला फोन लावला.

मिलिंदचा फोन बंद होता. रुसैलला गोदामात चौकशी केली तर कळलं, की काम संपल्यावर त्याला कमी केलं. फाटकावरचा एक केरळी माणूस एवढंच म्हणाला, “मॅडम, वो रुस्ताक गया. उदर कोई दुकान में है.” कुठलं दुकान, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मिस्टर कामानिमित्त बाहेरगावी होते. शनिवारी सकाळी मी एकटीच गाडी काढली, शेजारच्या सीटवर ती वही ठेवली आणि निघाले.

रुस्ताक काही मोठं शहर नाही, पण ज्याचा पत्ता माहीत नाही त्याच्यासाठी ते पुरेसं मोठं आहे. बाजारात मी दुकान दुकान पालथं घातलं. किराणा, मोबाईलवाला, शिंपी, खजूरवाला. कुणी मान हलवायचं, कुणी म्हणायचं इन्शाल्ला मिलेगा. एक वाजला तशी दुकानं बंद व्हायला लागली, ती आता चारशिवाय उघडणार नव्हती. ऊन असं की गाडीच्या दाराला हात लागेना. एका बंद दुकानाच्या सावलीत, पायरीवर मी वही मांडीवर उघडून बसले आणि मला रडू आलं. सापडत नाहीत म्हणून नव्हे, तर सापडले तर काय बोलायचं, हे मला माहीत नव्हतं म्हणून. त्या क्षणी माझ्याकडे काही उरलं नाही, यादी नाही, युक्ती नाही. सवयीने ओठांवर त्रिसरण आलं, बुद्धं सरणं गच्छामि, मी बुद्धाला शरण जाते. हजारो वेळा म्हटलंय, मुलांचे उच्चार सुधारलेत. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्या शब्दांचा अर्थ कळल्यासारखा वाटला. मी काही मागितलं नाही. मला जमत नाही, एवढंच कबूल केलं.

चष्मा काढून डोळे पुसले, परत घातला, तर समोर एक म्हातारी ओमानी बाई उभी होती. हातात भाजीची पिशवी, अंगावर रंगीत चादर. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मांडीवरच्या उघड्या वहीकडे बघत होती. वाकून तिने जिन्यावरच्या डोक्यांवर बोट ठेवलं, एकेका डोक्यावर, वरून खाली. मग जुन्या ओमानी माणसांना येतं तसल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, “ये बच्चा मालूम. मेरा दीवार पे बनाता. तुम उसका माँ का बहन?”

मी हो म्हटलं. बौद्ध बाईने खोटं बोलू नये, पण ते मला तेव्हा खोटं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

“यल्ला,” ती म्हणाली आणि माझा हात धरून चालायला लागली. तिला सगळे उम्म सालिम, म्हणजे सालिमची आई, म्हणतात, हे मला पुढे कळलं. दोन गल्ल्या सोडून तिचं घर होतं, आणि बाहेरच्या जिन्याने वर गेलं की गच्चीवर एक खोली. जिन्यालगतच्या भिंतीवर कोळशाने तेच चित्र काढलं होतं. बॅग, मूर्ती, पायऱ्या, डोकी.

दार मितूने उघडलं. मला बघून ती मागे सरकली. मग हळूच म्हणाली, “आंटी, मम्मी उठत नाही. शी ओन्ली झोपते.”

स्मिता कॉटवर पडली होती. चेहरा राखेसारखा. नंतर समजलं ते असं, पाचवा महिना होता, आठवड्यापूर्वी पोटातलं मूल गेलं होतं आणि तेव्हापासून रक्त थांबत नव्हतं. मिलिंदला नवी नोकरी लागली होती पण व्हिसाचं काम अडकलेलं, त्यामुळे हॉस्पिटलमध्ये गेलो तर आपल्याला पकडतील या भीतीने दोघं गप्प बसली होती. तो सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानात. मितूची शाळा केव्हाच सुटलेली. उम्म सालिम दोन वेळा जिना चढून रोटी आणि सूप आणून ठेवायची, पण आजार काय, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. स्मिताने डोळे उघडले, मला ओळखलं, आणि पहिलं वाक्य म्हणाली, “ताई, रागावू नका हं. माणसं बसवायला जागाच नव्हती हो.”

आयुष्यात मला कुणी मारलेलं नाही, पण मार कसा लागतो ते त्या दिवशी कळलं. मी तिच्या पायाशी बसले आणि माफी मागितली. ती ऐकत होती की नाही, कुणास ठाऊक. मग उम्म सालिमने हाक मारून नातवाला खालून वर बोलावलं, मी गाडी दारापर्यंत आणली आणि आम्ही तिघांनी मिळून स्मिताला उचलून गाडीत घातलं. हॉस्पिटलमध्ये कागद कुणी विचारले नाहीत, आधी रक्त चढवलं. डॉक्टरीण बाई मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या, की उद्यावर ढकललं असतं तर अवघड होतं.

स्मिता वाचली. बाळ मात्र नव्हतंच, आणि त्या घरावरचं मळभ काही हटलं नाही. आमच्यातल्या दोघांनी कागदांसाठी बरीच धावपळ केली. पण शेवटी त्यांचं भारतात परतायचं ठरलं. जाण्याआधीच्या शुक्रवारी वर्ग कुठे, असं विचारायला मला फोन यायला लागले. मी ग्रुपवर सगळं लिहिलं, माझ्या त्या जुन्या मेसेजसकट, आणि खाली लिहिलं, ‘या शुक्रवारी मितूचा नंबर.’

अठ्ठावीस माणसं दीड तासाचा प्रवास करून रुस्ताकला आली. खोलीत बॅग उभी केलेली, तिच्यावर पांढरं कापड, मूर्ती, उम्म सालिमच्या अंगणातली मोगऱ्याची फुलं. स्मिता उशीला टेकून बसली होती, मिलिंद तिच्या शेजारी मान खाली घालून. बाकी सगळे दारापासून जिन्यावर, पायरीपायरीवर. इंजिनियर, त्यांच्या बायका, मुलं. खीर उम्म सालिमने केली होती, तिच्या पद्धतीने, वेलदोडा जास्त घालून. वंदना मितूने सांगितली. एका ठिकाणी उच्चार चुकला. मी दुरुस्त केला नाही.

लोक याला योगायोग म्हणतील. गाव लहान, पोरीने भिंत रंगवलेली, म्हातारीने पाहिली, यात न समजण्यासारखं काय आहे? काहीच नाही. मी वाद घालत नाही. मला फक्त एवढं माहीत आहे, की माझ्या बळावर शोधत होते तोवर ती माणसं सापडली नाहीत, आणि हरून पायरीवर बसले तेव्हा कुणीतरी हात धरला. त्या हाताची मी जन्मभर ऋणी आहे. यादी मी आता करत नाही. ज्याला जमेल तो बोलावतो, आणि आठवडाभर कुणाचा आवाज आला नाही तर मी दारात जाऊन उभी राहते.

त्या शुक्रवारी सगळे उठले तरी मी जिन्याच्या अगदी खालच्या पायरीवर बसून होते, तेव्हा मितू मी परत दिलेली वही घेऊन माझ्याकडे आली. जुनंच पान उघडलेलं होतं. “आंटी, चेक,” ती म्हणाली. चित्रातल्या अगदी शेवटच्या पायरीवर, कागदाच्या कडेला, पेन्सिलने एक नवीन डोकं काढलं होतं. डोक्याला चष्मा होता.

“पहिले तुम्ही नव्हता,” ती म्हणाली, शब्द शोधत. “मग मी तुम्हाला बसवलं.”

माझ्या पर्समध्ये लाल पेन होतं. मी ते काढलं नाही. वही तशीच मांडीवर धरून, त्याच शेवटच्या पायरीवर, मी बसून राहिले.